दोन्हीकडे ३५८४ कोअर, मग भारी कुठलं? जुन्या-नव्या ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेची पार्श्वभूमी

जीटीएक्स १०८० टीआय आणि आरटीएक्स ३०६०, दोन्ही एनव्हिडिया कंपनीची ग्राफिक्स कार्डं. पहिलं मार्च २०१७ चं, तेव्हाची किंमत ६९९ डॉलर, दुसरं फेब्रुवारी २०२१ चं, ३२९ डॉलरचं. कोअरचा, म्हणजे हिशोब करणाऱ्या छोट्या युनिटचा, आकडा दोघांचा अगदी एकच, ३५८४. मेमरी ११ जीबी आणि १२ जीबी, म्हणजे तिथेही फार फरक नाही. सेकंडहँड घ्यायला निघालेला माणूस हमखास विचारतो की यातलं भारी कुठलं, आणि याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण कार्ड कशावर मोजायचं हेच गेल्या तीस वर्षांत चार-पाचदा बदललंय.

सुरुवातीला हिशोब सोपा होता. १९९६ ला थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू कार्ड आलं, त्यात नुसतं थ्रीडी, साध्या स्क्रीनसाठी वेगळं कार्ड लावायचं आणि मागून दोन्ही कार्डं एका छोट्या केबलने जोडायची. तेव्हा बघायचं एवढंच की सेकंदाला पिक्सेल किती रंगवतं. वूडूचे साधारण ५ कोटी, आणि तीनच वर्षांत, १९९९ ला आलेल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ चे ४८ कोटी. पण जीफोर्स २५६ ची खरी करामत वेगळीच होती, आकृत्यांचं गणित आणि प्रकाशाचा हिशोब जो आधी सीपीयू करायचा तो या कार्डाने स्वतःकडे घेतला. आता हे गेमने वापरलं तरच दिसणार ना? म्हणजे नवीन कार्डाचा फायदा गेमवर अवलंबून असतो हा प्रकार तेव्हापासूनचा आहे, रे ट्रेसिंगमुळे (प्रकाशाचे किरण खऱ्यासारखे मोजायचं तंत्र) सुरू झालेला नाही.

मग बेंचमार्कचा, म्हणजे कार्डाचा वेग मोजणाऱ्या चाचण्यांचा, जमाना आला, थ्रीडीमार्क, क्वेकचे डेमो वगैरे, आणि स्कोअरवर कार्डं विकली जायला लागल्यावर व्हायचं तेच झालं. २००१ ला एटीआय या प्रतिस्पर्धी कंपनीच्या रेडिऑन ८५०० वर लोकांनी क्वेक ३ च्या फाइलचं नाव बदलून ‘क्वॅक’ केलं आणि स्पीड खाली आला, कारण ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) गेमचं नाव ओळखून सेटिंग बदलत होता. २००३ ला थ्रीडीमार्क बनवणाऱ्या फ्युचरमार्कने ड्रायव्हरच्या अशा चलाख्या रोखणारा पॅच थ्रीडीमार्क०३ ला काढला तेव्हा एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचा स्कोअर जवळजवळ २४ टक्के घसरला. म्हणून म्हणतो, एकाच बेंचमार्कचा फोटो दाखवून कोणी कार्ड विकत असेल तर थोडं थांबा आणि आपण जो गेम खेळतो त्यातले आकडे मागा.

कोअर मोजायची सवय मात्र २००६ पासूनची. त्याआधीच्या जीफोर्स ७९०० जीटीएक्समध्ये पिक्सेलसाठी २४ आणि व्हर्टेक्ससाठी (आकृत्यांचे कोपरे) ८ अशी वेगवेगळी युनिट होती, एका बाजूला काम नसलं तरी ती दुसरीकडे वापरता यायची नाहीत. नोव्हेंबर २००६ च्या ८८०० जीटीएक्सने ही भिंत काढली, १२८ सारखे शेडर (यांनाच पुढे कोअर म्हणायला लागले), पडेल ते काम करणारे. खूप मोठी गोष्ट होती ही. पण तिथूनच लोकांना वाटायला लागलं की जास्त कोअर म्हणजे जास्त फास्ट, आणि वर्षभरातच ते खोटंही ठरलं, एटीआयच्या एचडी ३८७० वर ३२० शेडर आणि ८८०० जीटीवर ११२, तरी गेममध्ये ८८०० जीटी पुढे. दोघांची मोजायची पद्धतच वेगळी, तुलना होणार कशी? बरं, वेगळी कंपनी सोडा, एनव्हिडियाच्याच घरात बघा, ७८० टीआयवर २८८० कोअर आणि २५० वॅट, २०१४ च्या ९८० वर २०४८ कोअर आणि १६५ वॅट, आणि फास्ट कुठलं तर ९८०.

२०११ च्या आसपास अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात तो आकडा, फसवतो. समजा एका सेकंदात ५९ फ्रेम १०-१० मिलिसेकंदात आल्या आणि साठावीला ४१० मिलिसेकंद लागले, तर आकडा ६० एफपीएसच दिसतो, पण डोळ्याला स्क्रीन चक्क अडकलेली दिसते. तेव्हापासून फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ) आणि ‘१ टक्का लो’ (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा एफपीएस) बघायला लागले. जुन्या कार्डाची व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) भरली की आधी हाच आकडा कोसळतो, सरासरी बरेचदा ठीकठाकच दिसते.

आता परत आपल्या जोडीकडे. कोअर सारखे, क्लॉक (कोअरचा वेग) ३०६० चा जास्त, पण टेक्स्चर युनिट (आकृत्यांवर चित्र चढवणारी) १०८० टीआयवर २२४ आणि ३०६० वर ११२, मेमरी बस (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी) ३५२ बिट विरुद्ध १९२ बिट, बँडविड्थ (त्या वाटेने जाणारा डेटा) ४८४ जीबी प्रति सेकंद विरुद्ध ३६०. म्हणून २०१८-२० च्या रे ट्रेसिंग नसलेल्या गेममध्ये जुनं कार्ड बरोबरीत किंवा थोडं पुढेच. वीज मात्र २५० वॅट खातं, ३०६० चं १७० मध्ये भागतं, म्हणजे एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा) कुठला आहे तेही बघायला लागतं. रे ट्रेसिंग चालू केलं की चित्र उलटं, १०८० टीआयमध्ये त्याचं हार्डवेअरच नाही, एप्रिल २०१९ च्या ड्रायव्हरने सोय दिली पण वेग फार कमी. आणि डिसेंबर २०२४ च्या इंडियाना जोन्स गेमला तर रे ट्रेसिंगवालं कार्डच लागतं, तिथे एफपीएसची तुलना करायला जागाच उरत नाही.

त्यात आता डीएलएसएस (एनव्हिडियाचं एआयने चित्र मोठं करायचं तंत्र) आणि फ्रेम जनरेशन (एआयने मधल्या फ्रेम बनवणं). जानेवारी २०२५ ला एनव्हिडियाने ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये ४०९० चा परफॉर्मन्स मिळेल म्हणून सांगितलं, पण ते एआयने मधल्या फ्रेम भरून, कारण ५०७० वर कोअर ६१४४ आणि ४०९० वर १६३८४. या भरलेल्या फ्रेमने हालचाल गुळगुळीत दिसते हे खरं, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद त्याने वाढत नाही, आणि खऱ्या फ्रेमचे आणि अशा भरलेल्या फ्रेमचे आकडे एकाच ग्राफमध्ये टाकणं मला अजिबात पटत नाही.

जुन्या कार्डाचं एक मात्र विसरू नका, ते नवीन असतानाचे रिव्ह्यू बघून आजचा अंदाज बांधू नका. माझ्या मित्राने घेतलेलं १०८० टीआय खोललं तेव्हा चिपवरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, नखाने पापुद्रे निघत होते, गेम सुरू करून पाच-सात मिनिटं झाली की क्लॉक खाली यायचा. पेस्ट बदलली, पंख्यातली धूळ ब्रशने काढली, मग ते कार्ड नीट चालायला लागलं. पण ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने या पिढीसाठी नवीन गेमचे ड्रायव्हर देणं थांबवलंय, फक्त सिक्युरिटी अपडेट येत राहणार, त्यामुळे यापुढे येणाऱ्या गेममध्ये या जोडीची तुलना ३०६० च्या बाजूनेच सरकत जाणार.