जॅक्सनचा खून आणि म्हात्र्यांची हत्या: एका माळेत का ओवू नयेत

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची पोरं हमखास असतात. परवा त्यातल्या एकाने विचारलं, "काका, जॅक्सन आणि रवींद्र म्हात्रे दोघेही मायदेशापासून लांब नोकरीवर होते, दोघांनाही राजकारणापायी मारलं. मग दोन्ही राजनैतिक अधिकाऱ्याच्या हत्या म्हणून लिहायचं ना?" मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, जॅक्सनला मारणाऱ्या कान्हेऱ्यांचंच. म्हणजे विचारायची जागा अगदी बरोबर होती. उत्तर मात्र 'नाही' असं आहे, कारण राजनैतिक अधिकारी म्हणजे परक्या देशात राहणारा आपल्या देशाचा प्रतिनिधी.

जॅक्सन विलायतेहून आलेला, पण नाशकात तो कुणाचा पाहुणा नव्हता. तो इथला कलेक्टर, म्हणजे जिल्ह्यापुरतं सरकारच. संस्कृतच्या व्यासंगामुळे लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' पाहायला तो आला आणि कान्हेऱ्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचा संताप त्यामागे होता. राज्य इंग्रजांचं, मेलेला अधिकारी इंग्रजांचा, कोर्टही त्यांचंच. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. मधे दुसऱ्या देशाला जाब विचारायचा प्रश्नच आला नाही. पुढे हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं खरं, पण ते विनायक सावरकरांना खटल्यासाठी बोटीने भारतात आणताना त्यांनी मार्सेलिसला मारलेल्या उडीमुळे. फ्रान्सच्या जमिनीवर पकडलेला माणूस इंग्रजांच्या ताब्यात देणं योग्य होतं का, हा तिथला वाद. जॅक्सनच्या हुद्द्याशी त्याचा संबंध नव्हता.

म्हात्र्यांचं तसं नाही. पुण्यातला म्हात्रे पूल ज्यांच्या नावाचा, तेच हे. भारताच्या बर्मिंगहॅम कार्यालयातले अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ ला त्यांना पळवलं गेलं. काश्मीर लिबरेशन आर्मीच्या नावाने मागणी आली: तिहारमधल्या मकबूल भटला, फाशीची शिक्षा झालेल्या काश्मिरी फुटीरतावाद्याला, सोडा, वर पैसे द्या. पुढच्या दोन-तीन दिवसांत म्हात्र्यांचा मृतदेहच सापडला. ११ फेब्रुवारीला भटला फाशी झाली. राग दिल्लीवर, मेला दिल्लीचा माणूस, पण राखणीची जबाबदारी ब्रिटनची, आणि आरोपींवर खटला चालला तोही तिथल्याच कोर्टात. दुसऱ्या देशाने संमतीने ठेवून घेतलेल्या अधिकाऱ्याच्या जिवाला धक्का लागू नये, हे यजमानाने पाहायचं असतं. हे बंधन जॅक्सनच्या बाबतीत कुणावर घालणार? यजमानच नव्हता.

इथे एक बारकावा आहे. राजदूत आणि दूतावासातले अधिकारी १९६१ च्या व्हिएन्ना कराराखाली येतात, वाणिज्यदूत (परदेशात आपल्या नागरिकांची आणि व्यापाराची कामं पाहणारे) १९६३ च्या. बर्मिंगहॅमचं कार्यालय लंडनच्या उच्चायुक्तालयाच्या हाताखालचं, काम बरंचसं वाणिज्यदूताच्या धाटणीचं. वर्तमानपत्रं सगळ्यांनाच 'राजनैतिक अधिकारी' म्हणतात, आणि बोलण्यात ते चालतं. आपल्याकडचा जुना शब्द 'वकील' (कोर्टातला नव्हे, दुसऱ्या दरबारात ठेवलेला प्रतिनिधी) जास्त नेमका वाटतो. नाशिकच्या हिंगण्यांनी पेशव्यांची दिल्लीतली वकिली केली ती बादशहाच्या शहरात राहून, सत्ता गाजवायला नव्हे. जॅक्सन कुणाचा वकील नव्हता.

पोराला एवढं पटलं. मग त्याने कर्झन वायली काढला, धिंग्रांनी गोळ्या घालून मारलेला लंडनमधला इंग्रज अधिकारी. १ जुलै १९०९, लंडन, मदनलाल धिंग्रा. म्हटलं, तो तर परदेशातही नव्हता, स्वतःच्याच घरी होता!