सरकारी आरोग्यधोरण आणि आरोग्यसेवा

सरकार उपचारांसाठी पैसा कुठून उभा करतं, तो दवाखान्यांना कुठल्या हिशोबाने देतं, डॉक्टर-नर्स किती तयार करतं, कुठली औषधं विकू देतं, या सगळ्या निर्णयांचा मिळून आरोग्यधोरण हा विषय होतो. धोरणाच्या कागदावरची उद्दिष्टं बहुतेक देशांत सारखीच असतात, प्रत्यक्ष सेवा मात्र फार वेगवेगळ्या, आणि त्या फरकाचं मोठं कारण पैसे देण्याच्या पद्धतीत आहे असं बरेच अभ्यासक मानतात, जे पटण्यासारखं आहे.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण थेट योहान पेटर फ्रांक या जर्मन डॉक्टरपर्यंत मागे जातात, ज्याची सार्वजनिक आरोग्यावरची ग्रंथमाला १७७९ पासून निघू लागली, पण तिचा भर सरकारी देखरेखीवर होता, उपचारांचा खर्च कुणी करायचा यावर नव्हता. म्हणून सहसा जर्मनीचा १८८३ चा आजारविमा कायदा पहिला धरतात आणि श्रेय बिस्मार्कला देतात. इथेही दोन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे प्रशिया या जर्मन राज्यात खाणकामगारांना त्यांच्या मदतनिधीचं (आजारपणात मदत करणाऱ्या सामाईक निधीचं) सभासदत्व १८५४ च्या कायद्यानेच सक्तीचं झालं होतं, आणि असे निधी तर त्याहून कितीतरी जुने. दुसरं, बिस्मार्कला स्वतःला अपघातविम्यात जास्त रस होता, आजारविम्याच्या मसुद्यामागे मुख्यतः थिओडोर लोमान हा अधिकारी होता. तेव्हा १८८३ ला 'शोध' म्हणण्यापेक्षा आधीच चालू असलेल्या गोष्टीचा विस्तार म्हणणं जास्त बरोबर वाटतं. १८८३ च्या कायद्याखाली विमानिधीच्या वर्गणीचे दोन तृतीयांश कामगार भरायचा, एक तृतीयांश मालक, आणि आजारपणात जास्तीत जास्त १३ आठवडे पैसे मिळायचे. सुरुवातीला निधीचा बराच खर्च या रोख भत्त्यावरच व्हायचा, डॉक्टर-औषधांचा वाटा नंतर वाढत गेला, आणि तसतसे निधी आणि डॉक्टर यांच्यातले झगडेही वाढले.

ब्रिटनने १९११ च्या कायद्यात विमा उचलला पण डॉक्टरला पैसे त्याच्या यादीत नाव नोंदवलेल्या माणसांच्या संख्येवर दिले, म्हणजे पेशंट येवो न येवो, डोक्यामागे ठरलेली रक्कम. जुलै १९४८ मध्ये करांच्या पैशावर चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा आली, हॉस्पिटलं सरकारने ताब्यात घेतली, पण फॅमिली डॉक्टर कंत्राटीच राहिले आणि त्यांची यादीही राहिली. स्पेशालिस्टकडे जायला आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते ही तिथली सवय यातूनच पक्की झाली.

पैसे देण्याचे मुख्य प्रकार सगळ्यांना माहीत आहेत: प्रत्येक सेवेमागे फी, डोक्यामागे रक्कम, पगार, आणि केसमागे ठराविक रक्कम. फी असली की तपासण्या वाढतात, डोक्यामागे रक्कम असली की वेळखाऊ पेशंट टाळायचा मोह होतो. चौथा प्रकार अमेरिकेत ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत ऑक्टोबर १९८३ पासून आला. निदानाचा गट ठरला की रक्कम ठरली, मग पेशंट चार दिवस राहो की दहा दिवस. साहजिकच पेशंट लवकर घरी जाऊ लागले, आणि केस पेपरवर सोबतचे आजार जरा जास्तच बारकाईने लिहिले जाऊ लागले, कारण गट वरचा लागला की रक्कमही वरची.

हॉस्पिटलच्या खाटांबाबत मिल्टन रोमर या अमेरिकन अभ्यासकाचं १९५९ च्या सुमाराचं निरीक्षण प्रसिद्ध आहे की विमा असेल तिथे बांधलेली खाट भरतेच. त्यावरून नवीन हॉस्पिटलला आधी गरज सिद्ध करायची अट आली, न्यूयॉर्क राज्यात १९६४ मध्ये आणि १९७४ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या अमेरिकेत, पण खर्च काही फारसा आटोक्यात आला नाही आणि केंद्राने पुढे अंग काढून घेतलं.

सरकारने ठरवून दिलेल्या टार्गेटचाही असाच अनपेक्षित परिणाम होतो. इंग्लंडमध्ये इमर्जन्सीतला पेशंट चार तासांत मोकळा करायचा असं २००० च्या दशकात ठरलं, आणि नोंदी बघितल्या तर चार तास भरायच्या अगदी आधीच्या मिनिटांत ॲडमिट होणाऱ्यांची आणि घरी जाणाऱ्यांची एकदम गर्दी दिसते. तरी एकूण ताटकळणं कमी झालं हेही खरंच, फक्त टीका करून चालत नाही.

प्राथमिक आरोग्यसेवेची जाहीर सुरुवात तेव्हाच्या सोव्हिएत संघात भरलेल्या १९७८ च्या अल्मा-अता आंतरराष्ट्रीय परिषदेपासून धरतात, पण आरोग्यकेंद्रांची कल्पना ब्रिटनच्या १९२० च्या डॉसन अहवालात आणि भारतातल्या १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातही आहे. परिषदेनंतर वर्षभरातच सगळं एकदम झेपणार नाही, लसीकरणासारखे निवडक कार्यक्रम आधी घ्या असा मतप्रवाह आला आणि देणगीदारांना तोच सोयीचा वाटला.

लोक खिशातून पैसे देऊन खाजगी दवाखान्यात जातात तिथे नोंदी तुटपुंज्या, त्यामुळे धोरणाचा परिणाम मोजणं अवघड. नोंदी बऱ्या असलेलं एक उदाहरण थायलंडचं. तिथे २००१-०२ मध्ये भेटीमागे ३० बाट फी ठेवून विमा नसलेल्या सगळ्यांना योजनेत घेतलं आणि हॉस्पिटलांना पैसे डोक्यामागे दिले. त्यात पगारही धरले होते, म्हणून माणसं कमी आणि डॉक्टर जास्त अशा भागांतली हॉस्पिटलं अडचणीत आली, आणि लवकरच हिशोबात त्यांच्यासाठी फेरफार करावे लागले.