लाल दगड, काळी रेती आणि एक बादली पाणी

विहिरीचं काम चालू असताना मुरमाखाली लालभडक, जड दगड लागला की "लोखंड निघालं" ही बोलवा गावभर व्हायला वेळ लागत नाही. दुसरी बोलवा उन्हाळ्यातली. नाला आटतो, वळणावरच्या रेतीत काळ्या रेघा दिसतात, कोणीतरी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्यावरून फिरवून दाखवतं आणि गोष्ट तहसीलपर्यंत जाते. दोन्ही ठिकाणी लोखंड असतंच, त्यात खोटं काही नाही. पण लोखंड असणं वेगळं आणि खाण होणं वेगळं. दोन्हींत किती अंतर आहे ते पाहायला सुरुवातीला महागडं यंत्र लागत नाही. रंगाकडे दुर्लक्ष करून वजन करायची सवय मात्र लागते.

आधी जमीन पाहू. कामठी, वणी, वरोरा, चंद्रपूर, बल्लारपूर आणि खाली थेट सिरोंचा असे गाळाच्या खडकांचे पट्टे विदर्भात आहेत. यांना गोंडवन खडक म्हणतात. तळाशी तालचिरचे थर, म्हणजे हिमनद्यांनी आणून टाकलेले गोटे आणि चिखल. चंद्रपूरजवळच्या इरई गावी अशा बर्फाने घासलेला, चरे पडलेला चुनखडक १८७५ सालीच नोंदला गेला आहे. त्यावर बराकर, ज्यात कोळसा आहे. त्याच्यावर लाल-पिवळा वालुकाश्म, त्याचं नावच मुळी कामठी. पश्चिमेला या सगळ्यावर काळ्या बेसाल्टचं पांघरूण आहे आणि पूर्वेला भंडारा-गडचिरोलीकडे याहून कितीतरी जुने, भट्टीतून निघाल्यासारखे रूपांतरित खडक उघडे पडले आहेत. ही मांडणी लक्षात ठेवली तर पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

लाल दगडापासून सुरू करू. कामठी वालुकाश्माचा कण काचेसारखा क्वार्ट्झचा, म्हणजे मुळात बिनरंगी. लाल असतं ते त्याच्यावरचं हेमॅटाइटचं, म्हणजे लोहाच्या तांबड्या ऑक्साइडचं, पातळ साल. शंभर किलो दगडात दोन-तीन किलो हेमॅटाइट असलं तरी दगड गेरूत बुडवल्यासारखा दिसतो. त्यामुळे रंग पाहून लोखंड किती हे सांगणं म्हणजे हळद पाहून भाजीत मीठ किती हे सांगण्यासारखं.

काही ठिकाणी मात्र खरोखर जड पट्टे असतात. भूजलात हवा नसेल तर लोह विरघळून वाहतं. तेच पाणी वालुकाश्मातून चिकणमातीच्या थरापाशी अडलं आणि तिथे हवा मिळाली, की लोह गंजाच्या रूपात साठतं. वीतभर जाडीचे कठीण पट्टे, कधी पोकळ गोटे तयार होतात. इथेच फसगत होते. भोवतालचा मऊ दगड पावसाने झिजून वाहून जातो, पट्ट्याचे तुकडे जागेवरच उरतात आणि शेकडो वर्षांत अख्खी टेकडी लोहदगडांनी झाकली जाते. वरून पाहणाऱ्याला वाटतं, टेकडीच लोखंडाची आहे. म्हणून पृष्ठभागावरचे गोटे गोळा करून नमुना म्हणून पाठवू नयेत. उताराला आडवा, मीटरभर रुंद आणि ताज्या दगडापर्यंत खोल चर खणावा आणि त्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खाच पाडून तो माल घ्यावा. नमुन्यात चांगले दगड वेचायचा मोह प्रत्येकाला होतो. शिकलेल्या लोकांना जास्तच.

आता बादली. दीड-दोन किलोचा दगड घ्या, वरचं झिजलेलं कवच हातोडीने काढा, उन्हात पूर्ण वाळवून वजन करा. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा टांगायचा डिजिटल काटा पुरतो. मग दगड रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, म्हणजे छिद्रांतली हवा निघते. सकाळी दोरीने काट्याला टांगून पूर्ण बुडवा आणि परत वजन घ्या. दगड बादलीच्या बुडाला किंवा कडेला टेकता कामा नये. समजा कोरडं वजन १.८० किलो आणि पाण्यातलं १.२० किलो आलं. फरक ०.६० किलो. १.८० भागिले ०.६०, म्हणजे घनता ३.०.

क्वार्ट्झची घनता २.६५, हेमॅटाइटची ५.२६ आणि शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोह सुमारे ७० टक्के. दगडात हे दोनच घटक आहेत असं धरलं तर ३.० घनतेच्या दगडात लोह जेमतेम १६ टक्के निघतं. घनता ३.९ असेल तर ४५ टक्के, ४.५ असेल तर ५८ टक्के. भारतीय खाण ब्यूरोने हेमॅटाइटसाठी धरलेली किमान मर्यादा ४५ टक्क्यांची आहे. म्हणजे ३.९ हा आकडा पाठ ठेवावा. हातात "बाप रे, किती जड" वाटणारा कामठीचा लोहदगड बहुधा तीनच्या आसपास घुटमळतो.

या हिशेबालाही मर्यादा आहेत. दगडात गोएथाइट, म्हणजे पाणी धरलेला पिवळसर गंज जास्त असेल तर तो हेमॅटाइटपेक्षा हलका असल्याने लोह प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. मँगनीज किंवा बॅराइट नावाचं जड खनिज मिसळलं असेल तर उलटं होतं. ओळख पटवायला फरशीची मागची, झिलई नसलेली बाजू घ्या आणि तिच्यावर दगड घासा. हेमॅटाइटची रेघ गेरूसारखी लाल, गोएथाइटची मळकट पिवळी-तपकिरी, मॅग्नेटाइटची काळी. मँगनीजचीही बरेचदा काळीच, पण त्याने बोटं काजळतात.

विदर्भातलं खरं लोहखनिज या गाळाच्या खोऱ्यात नाहीच, ते खोऱ्याच्या कडेच्या जुन्या खडकांत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं लोहारा, गडचिरोलीतलं सूरजागड ही त्याची ठिकाणं. तिथे हेमॅटाइट आणि क्वार्ट्झचे पातळ पट्टे एकाआड एक आहेत. लोहाऱ्याची कीर्ती जुनी. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूशास्त्रज्ञाचा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यावरचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याचा विचार तिथून सुरू झाला. खनिज चांगलं होतं, पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना. पुढे जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटांना नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, भूशास्त्रीय नकाशा दिसला. त्यात आजच्या छत्तीसगडमधल्या दुर्ग जिल्ह्याकडचा भाग गडद रंगवलेला होता, आणि शोध तिकडे वळला. एका नकाशाचा रंग मात्र खरा निघाला.

काळ्या रेतीचं गणित जास्त गमतीचं आहे, कारण तिथे पाणी आपल्याआधीच काम करून गेलेलं असतं. इल्मेनाइट आणि रुटाइल (दोन्ही टायटॅनियमची), झिरकॉन, गार्नेट, मोनाझाइट ही सगळी खनिजं क्वार्ट्झपेक्षा जड. इल्मेनाइटची घनता ४.७. पाण्यात तळाला बसताना ०.२ मिलिमीटरचा इल्मेनाइटचा कण आणि ०.३ मिलिमीटरचा क्वार्ट्झचा कण साधारण एकाच वेगाने उतरतात. म्हणून काळे कण नेहमी भोवतालच्या रेतीपेक्षा बारीक असतात आणि बारीक माल चाळून फेकणारा माणूस नेमका कामाचा माल फेकतो.

नमुना कुठून घ्यायचा? नाला टेकडी सोडून सपाटीला लागतो ती जागा, वळणाच्या आतल्या बाजूच्या रेतीपट्ट्याचं वरचं टोक, मोठ्या दगडाच्या मागची ओंजळ, खडकाच्या भेगा. वर दिसणारी काळी रेघ ओसरत्या पुराने किंवा वाऱ्याने केलेली, मिलिमीटरभराची असते. तिच्यावर भुलू नये. कोपरभर खणून चिकणमाती किंवा खडक लागेल, त्याला चिकटून असलेली भरड रेती घ्यावी. दर ठिकाणी माप एकच, दहा लिटरचं घमेलं. माप बदललं की दोन नाल्यांची तुलना करता येत नाही.

ती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून पाण्याखालीच चाळा. चिकणमाती हाताने चोळून गढूळ पाणी दोन-तीनदा ओता. मग सपाट बुडाच्या परातीत घेऊन पाण्याखाली आडवे हिसके द्या, वीस-तीस. जड कण खाली जातात. परात पुढे किंचित कलती करून वरचा थर पाण्याला वाहून नेऊ द्या आणि पुन्हा हिसके. झारेकरी सोनारांच्या दुकानापुढची धूळ धुतात ती हीच पद्धत. नवी परात आधी विस्तवावर तापवून राखेने घासावी, नाहीतर तेलकटपणामुळे बारीक जड कण पाण्यावर तरंगून निसटतात. आणि परातीत निव्वळ काळं उरेपर्यंत धुऊ नये. सिलिमनाइट या रूपांतरित खडकांतल्या खनिजाची घनता जेमतेम ३.२, ते क्वार्ट्झसोबतच निघून जातं. करड्या रंगावर थांबायचं.

उरलेला माल वाळवून कागदावर पसरा. लोहचुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटभर वरून फिरवा. उडी मारून चिकटतं ते मॅग्नेटाइट. पिशवीतून चुंबक काढला की ते आपोआप गळून पडतं, वेगळं तोला. मग निओडिमियमचा जोरदार चुंबक अगदी जवळून फिरवला की इल्मेनाइट आणि गार्नेट हलतं. राहिलेल्यात झिरकॉन, रुटाइल आणि सिलिमनाइटचं भावंड कायनाइट. दहापट भिंग आणि अंधाऱ्या खोलीत लघुतरंगी अतिनील दिवा असेल तर झिरकॉन पिवळ्या-नारिंगी ठिणगीसारखा ओळखू येतो.

यवतमाळ, अमरावतीकडच्या नाल्यातली काळी रेती पहिल्याच फेरीत जवळजवळ सगळी चुंबकाला जाते. ती बेसाल्टमधली, टायटॅनियम असलेली मॅग्नेटाइट. त्यातलं टायटॅनियम कणाच्या आत इतक्या बारीक पापुद्र्यांत अडकलेलं असतं की धुऊन वेगळं होत नाही. भंडाऱ्याकडे चित्र पालटतं. तिथल्या जुन्या खडकांत कायनाइट-सिलिमनाइट आहे, ते परातीतही येतं. वर्धा पश्चिमेची रेती आणते, वैनगंगा पूर्वेची, आणि दोन्ही मिळून प्राणहिता होते. तिच्या पात्रातल्या मूठभर काळ्या रेतीत दोन्ही प्रदेशांचा हिशेब असतो.

प्रयोगशाळेत चूक होते ती टक्केवारीत. उदाहरण घ्या. शंभर ग्रॅम कोरडा नमुना. त्यात बारीक गाळ २२ ग्रॅम, एक मिलिमीटरहून भरड ९ ग्रॅम, राहिली ६९ ग्रॅम रेती. ही २.८९ घनतेच्या ब्रोमोफॉर्म या जड द्रवात टाकली, ज्यात क्वार्ट्झ तरंगतं आणि जड खनिजं बुडतात. याची वाफ विषारी, काम धुराड्याच्या कपाटातच करायचं. तळाला २.१ ग्रॅम बसलं. ते ६९ च्या हिशेबात ३ टक्के होतं, पण खणायचे शंभरही आहेत, म्हणून खरा आकडा २.१ टक्के. त्यातले १.३ ग्रॅम साध्या चुंबकाला गेले आणि उरलेल्यात इल्मेनाइट-झिरकॉन मिळून ०.४ ग्रॅम निघालं, तर टनाला मिळणार चार किलो. कागदावरचे तीन टक्के जमिनीवर असे विरघळतात.

नदीपात्रात भोक पाडताना पाण्याच्या पातळीपर्यंत हाताचं ऑगर, म्हणजे जमिनीत फिरवायचं मोठं गिरमिट, चालतं. त्याखाली रेती बाजूंनी भोकात वाहून येते. हलके कण पाण्यासोबत वर निघतात, जड कण तळाशी साठत जातात आणि शेवटच्या नमुन्यात खनिज फुगलेलं दिसतं. उपाय एकच: पाइप आधी खाली, ऑगर मागून. दर दीड मीटरला नमुना, आणि काही भोकांच्या शेजारी दोन मीटरवर दुसरं भोक पाडून पडताळा. जड रेतीचे साठे फितीसारखे लांब आणि अरुंद असतात, त्यामुळे आडव्या रेषेत भोकं जवळजवळ आणि लांबीच्या दिशेने दूर घेतात. जंगल आणि अनुसूचित क्षेत्रात परवानग्या आधी, पाइप नंतर.

चुंबकमापी यंत्र फिरवणाऱ्यांसाठी एवढंच: तारेचं कुंपण, पत्र्याचं छप्पर, बोअरचा केसिंग, बंडीच्या चाकाची धाव, खिशातली किल्ली, सगळं त्यात दिसतं. हेमॅटाइट मात्र जवळजवळ दिसत नाही.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत जड रेतीच्या खाणी असतातच. ऑस्ट्रेलियातलं मरे खोरं त्याचं ठळक उदाहरण. पण तिथे काही दशलक्ष वर्षांपूर्वी समुद्र होता आणि त्याच्या जुन्या किनाऱ्यांच्या रेषा अजून सैल रेतीत पुरलेल्या आहेत. लाट तीच रेती हजारो वेळा वर नेते, खाली आणते. पूर एकदा वाहून नेतो आणि टाकून देतो. गोंडवनातल्या नद्यांनी आणि तळ्यांनी हेच केलं, वर तो गाळ आता दगड झालेला, म्हणजे आधी दळायचा आणि मग धुवायचा. त्यामुळे परातीचा इथला खरा उपयोग रेती विकण्यात नसून नाल्याच्या वरच्या अंगाला काय आहे ते शोधण्यात आहे. मुखापासून सुरू करून प्रत्येक फाट्याच्या वर आणि खाली एकेक घमेलं धुवायचं. ज्या फाट्याच्या वर गेल्यावर कायनाइट नाहीसं होतं, त्या फाट्यात शिरायचं. नमुन्याच्या पिशवीत चिठ्ठी टाकताना पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई ओल्या रेतीत एका रात्रीत पुसट होते, आणि मग कोणतं घमेलं कोणत्या फाट्याचं हे कोणालाच सांगता येत नाही.