मधुमेहजन्य मज्जातंतूविकारावरील भौतिकोपचार

रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बिघडतात. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत गेलेले असतात, म्हणून बाधा तिथून सुरू होते आणि दोन्ही पायांत सारखीच वर सरकते. मुंग्या, रात्री तळव्यांची आग, कापसावरून चालल्याचा भास, पायातली चप्पल निसटलेली न कळणे या नेहमीच्या तक्रारी. मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार जडतो. साखर आटोक्यात ठेवणे हा उपचाराचा पाया. भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी, त्याच्या जोडीने चालते. तोल सावरणे, स्नायूंची ताकद टिकवणे आणि धोक्याची सूचना न देणाऱ्या तळव्याला जखमेपासून वाचवणे हे तिचे काम.

सुरुवात तपासणीने होते. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात, 128 हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने कंपनाची जाणीव तपासतात. घोटा किती वाकतो, डोळे मिटल्यावर तोल जातो का, घट्टे कुठे पडले आहेत, हेही पाहावे लागते. पायाची नाडी लागत नसेल किंवा जखम असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांचा सल्ला हवा.

बधिर पायाची काळजी कशी घ्यावी हे ज्ञान बऱ्याच अंशी कुष्ठरोगाच्या उपचारांतून आले, आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. तमिळनाडूच्या कोल्ली टेकड्यांत जन्मलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड 1946 पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करत होते. कुष्ठरुग्णांच्या जखमा रोगामुळे आपोआप होत नाहीत, वेदना न कळल्याने त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबाने होतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी हाच विचार मधुमेही पायाला लावला. तळव्याला सर्वत्र चिकटून बसणारे, भार पसरवणारे प्लास्टर त्यामुळे तिकडे रूढ झाले. आपल्याकडे मिळणारी मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराची पादत्राणेही कुष्ठरुग्णांसाठीच वापरात आली होती.

व्यायामांत पोटरी ताणण्याला फार महत्त्व आहे, आणि ते पुरेसे ओळखले जात नाही. पोटरीचे स्नायू व त्यांना टाचेशी जोडणारा कंडरा आखडला की घोटा वर वाकत नाही. चालताना टाच लवकर उचलली जाते आणि सारा भार चवड्यावर येतो. तिथे आधी घट्टा पडतो, मग त्याखाली जखम होते. म्हणून भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे, घोटा वर-खाली करणे, बोटांची हालचाल हे रोज करायला सांगतात. तोलासाठी टाचेला बोट लावून एका रेषेत चालणे, आधार धरून एका पायावर उभे राहणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे असे प्रकार असतात. सुरुवातीला जवळ कुणी तरी उभे हवेच. ताई ची या चिनी प्रकारचे संथ व्यायामही उपयोगी ठरतात.

बधिर पायांनी चालू नये, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत देखरेखीखाली चालण्याने जखमा वाढल्या नाहीत, आणि 2010 च्या अमेरिकी मार्गदर्शक निवेदनात मध्यम चालण्याला मोकळीक मिळाली. त्यासाठी योग्य पादत्राणे आणि रोज तळवे पाहणे या अटी आहेत. 2012 मध्ये कॅन्ससच्या संशोधकांना 10 आठवड्यांच्या व्यायामानंतर त्वचेतील तंतूंना अधिक फांद्या फुटलेल्या दिसल्या; रुग्ण मात्र केवळ 17 होते आणि तुलनेसाठी गट नव्हता, तेव्हा यावर फार मोठी आशा बांधू नये.

काही गोष्टी टाळायलाच हव्यात. शेकाची पिशवी किंवा गरम पाण्यात पाय बुडवणे भाजण्याचे कारण ठरते. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे, किंवा वारीत बधिर पायांनी अनवाणी जाणे, यातही तोच धोका आहे. अंगठ्याच्या पट्ट्याची चप्पल बधिर पायातून निसटते आणि पट्टा बोटांमध्ये घासतो. सुजलेल्या बोटांत घट्ट जोडवी रुतते. पाय एकाएकी लाल, गरम व सुजलेला दिसला तर ते शार्को पायाचे, म्हणजे बधिर पायातली हाडे व सांधे ढासळण्याच्या विकाराचे लक्षण असू शकते. दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा 2.2 अंश सेल्सियसहून अधिक उष्ण लागणारी जागा हा इशारा समजतात. चालणे लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हृदयाच्या मज्जातंतूंना बाधा झाली असेल तर नाडीचा वेग श्रमाचे खरे माप देत नाही. अशा वेळी रुग्णाला श्रम किती वाटतात यावर व्यायामाची मर्यादा ठरवतात, आणि उठताना चक्कर येते का ते विचारतात.

विद्युत उपचारांपैकी त्वचेवरून सौम्य प्रवाह देणारे टेन्स यंत्र वेदना काही अंशी कमी करते. अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या महागड्या यंत्रांची, उपचाराचा नुसता देखावा करणाऱ्या खोट्या उपचाराशी तुलना झाली तेव्हा संवेदना परत येण्यात फरक आढळला नाही. सौम्य लेझरचीही शिफारस करण्याइतका पुरावा अमेरिकी मेंदूविकार तज्ज्ञांच्या 2011 च्या आढाव्यात मिळाला नव्हता.