अ‍ॅन आर्बर ब्लूज महोत्सव

अ‍ॅन आर्बर ब्लूज महोत्सव : अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर शहरात १९६९ साली सुरू झालेला ब्लूज संगीताचा, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून आलेल्या गायनप्रकाराचा, महोत्सव. इलेक्ट्रिक गिटारीवरचा शिकागोचा दणदणीत ब्लूज आणि मिसिसिपी डेल्टातला (मिसिसिपी राज्यातल्या कापूस पिकवणाऱ्या सपाट प्रदेशातला) जुना, एकट्याने गिटार घेऊन गायचा ब्लूज हे दोन्ही प्रकार इतक्या मोठ्या प्रमाणावर एकाच मंचावर आणणारा अमेरिकेतला हा पहिला महोत्सव मानला जातो. तो दर वर्षी भरावा असा बेत होता. प्रत्यक्षात पैसा, परवाने आणि राजकारण यांमुळे तो अनेकदा खंडित झाला. तरीही ब्लूजच्या इतिहासात त्याच्या पहिल्या तीन दिवसांना जे स्थान आहे, ते पुढच्या कितीतरी सुरळीत चाललेल्या महोत्सवांना मिळालेले नाही.

अ‍ॅन आर्बर हे ह्यूरन नदीकाठचे मध्यम आकाराचे शहर. १९७० मध्ये त्याची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास होती. मिशिगन विद्यापीठ १८३७ पासून येथे आहे आणि शहराचे सारे जीवन त्याच्याभोवती फिरते. सुमारे ७० किलोमीटरवर डेट्रॉइट. मोटारींच्या कारखान्यांत काम मिळेल या आशेने दक्षिणेकडून आलेल्या कृष्णवर्णीयांनी तेथे ब्लूज रुजवला. गायक-गिटारवादक जॉन ली हूकर त्यांच्यापैकीच एक. म्हणजे संगीत शेजारीच होते, पण अ‍ॅन आर्बरच्या बहुतांश गोऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत ते पोहोचले होते ते ब्रिटिश रॉक बँडच्या रेकॉर्डवरून, म्हणजे दोन समुद्रप्रवास करून. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचे नावच मुळी शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्स याच्या एका गाण्यावरून घेतलेले आहे.

त्याआधी ब्लूज गायकांना मोठे मंच मिळालेच नव्हते असे नाही. जर्मनीतून १९६२ साली सुरू झालेल्या अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलने त्यांना युरोपभर फिरवले. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात मिसिसिपी जॉन हर्ट, स्किप जेम्स, सन हाउस हे विस्मरणात गेलेले गायक पुन्हा लोकांसमोर आले. मेम्फिसमध्ये १९६६ पासून ग्रामीण ब्लूजचा लहानसा महोत्सव भरत होता. पण या ठिकाणी ब्लूज एक तर पाहुणा असे, नाहीतर त्याच्या एखाद्याच शाखेला जागा मिळे. अ‍ॅन आर्बरच्या विद्यार्थ्यांनी हे कुंपण काढून टाकले.

पहिला महोत्सव १ ते ३ ऑगस्ट १९६९ या दिवसांत, वुडस्टॉक या गाजलेल्या रॉक महोत्सवाच्या दोन आठवडे आधी, नदीलगतच्या फुलर फ्लॅट्स या मोकळ्या मैदानावर झाला. विद्यापीठाचे विद्यार्थी-उपक्रम केंद्र आणि कँटरबरी हाउस हे चर्चचे विद्यार्थी केंद्र यांचा त्याला आधार होता. कलाकार ठरवण्यापासून सगळी जुळवाजुळव विद्यार्थ्यांनीच केली. गायक-वादकांची यादी आज वाचली तरी विश्वास बसत नाही : बी. बी. किंग, मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, लाइटनिन हॉपकिन्स, टी-बोन वॉकर, फ्रेडी किंग, ओटिस रश, जेम्स कॉटन, ज्युनियर वेल्स, बिग जो विल्यम्स, मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल, स्लीपी जॉन एस्टिस, रूझवेल्ट साइक्स, क्लिफ्टन शेनिए, सन हाउस.

या यादीचे महत्त्व केवळ नावांत नाही. सन हाउसने १९३० मध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी रेकॉर्डिंग केले होते. त्याला ऐकतच मडी वॉटर्स घडला, १९४३ मध्ये शिकागोला गेला आणि तेथे त्याने तोच सूर विजेच्या गिटारीवर चढवला. त्याला ऐकत ओटिस रश, मॅजिक सॅम यांची पिढी पुढे आली. गुरू, शिष्य आणि शिष्याचे वारस यांना सलग ऐकण्याची संधी तीन दिवसांत मिळाली. एरवी हे नाते रेकॉर्ड एकापुढे एक लावूनच समजून घ्यावे लागते. आणखी एक गोष्ट : बिग मामा थॉर्नटन आणि आर्थर ‘बिग बॉय’ क्रडप हे दोघेही येथे गायले. एल्व्हिस प्रेस्लीने जगभर नेलेली दोन गाणी त्याच्या आधी या दोघांनी ध्वनिमुद्रित केली होती, आणि क्रडपला तर स्वतः रचलेल्या गाण्याचे हक्काचे मानधनही धडपणे मिळाले नाही. या मैदानावर त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने टाळ्या मिळाल्या.

मॅजिक सॅमचा कार्यक्रम सर्वांत अधिक आठवला जातो. तीनच जणांचा संच, ड्रमवर सॅम ले. शिकागोच्या वेस्ट साइड या भागाबाहेर फारसा माहीत नसलेला हा गायक त्या दिवसानंतर देशभर चर्चेत आला. चारच महिन्यांनी, १ डिसेंबर १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तो हृदयविकाराने गेला.

१९७० चा महोत्सव तोट्यात गेला. त्याच दिवसांत जवळच गूस लेक येथे प्रचंड रॉक महोत्सव भरला आणि श्रोते तिकडे वळले. १९७१ मध्ये काहीच झाले नाही.

१९७२ मध्ये जॉन सिंक्लेअर आणि पीटर अँड्र्यूज यांनी तो ‘ब्लूज अँड जॅझ फेस्टिव्हल’ म्हणून पुन्हा उभा केला. सिंक्लेअर हा कवी आणि डाव्या चळवळीतला कार्यकर्ता. दोन गांजाच्या सिगारेटींसाठी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि त्याच्या सुटकेसाठी डिसेंबर १९७१ मध्ये अ‍ॅन आर्बरमध्येच झालेल्या सभेत जॉन लेनन गायला होता. नव्या मैदानाला १९७० मध्ये वारलेला पियानोवादक ओटिस स्पॅन याचे नाव देण्यात आले. मडी वॉटर्स आणि हाउलिन वुल्फ यांच्याबरोबर सन रा, माइल्स डेव्हिस हे जॅझवालेही आले. हे मिश्रण अनेकांना खटकते. मला ते योग्य वाटते, कारण जॅझची मुळे ब्लूजमध्येच आहेत आणि एकाच मैदानावर ते कानाने पटते. त्याच वर्षी तरुण बॉनी राइट आणि १९२० च्या दशकातली गायिका सिप्पी वॉलेस एकत्र गायल्या. राइटने आपल्या १९७१ च्या पहिल्याच अल्बममध्ये सिप्पीची गाणी घेतली होती. सिप्पी तेव्हा सत्तरीत होती आणि डेट्रॉइटमध्ये राहत होती. या महोत्सवाचे ध्वनिमुद्रण अटलांटिक कंपनीने दोन रेकॉर्डच्या संचात प्रसिद्ध केले.

१९७३ मध्ये रे चार्ल्स आला. पण १९७४ मध्ये शहराने परवाना नाकारला आणि महोत्सवाला सीमा ओलांडून कॅनडातील विंडसर येथे जावे लागले. कॅनडाच्या अधिकाऱ्यांनी सिंक्लेअरला मात्र आत येऊ दिले नाही. आर्थिकदृष्ट्या हा प्रयोग बुडाला. पुढे १९९२ ते २००६ या काळात महोत्सव अ‍ॅन आर्बरमध्ये परतला आणि २०१७ मध्ये पुन्हा एकदा सुरू झाला.

१९६९ चे अधिकृत ध्वनिमुद्रण झाले नव्हते. संयोजकांपैकी एकाच्या भावाने लहानशा टेप-रेकॉर्डरवर केलेले मुद्रण पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, थर्ड मॅन रेकॉर्ड्सने दोन भागांत काढले. आवाज खरखरीत आहे, मधूनच गर्दीचा गलका येतो. तरी सन हाउस आणि मॅजिक सॅम तेथे एकाच संचात ऐकायला मिळतात.