बालिम खोऱ्यात चालायला निघण्याआधी

(नाव नोंदवलेल्या आणि अजून विचार करत असलेल्या प्रवाशांसाठी)

पापुआच्या डोंगरातल्या आमच्या सहलीची चौकशी करणारे फोनवर हमखास दोन प्रश्न विचारतात. तिथली माणसं अजून कपडे घालत नाहीत का? आणि शाकाहारी माणसाने खायचं काय? पहिल्याचं उत्तर जरा लांब आहे, पुढे येईल. दुसऱ्याचं एका शब्दात देता येतं: रताळी. सकाळी रताळी, दुपारी रताळी, रात्री पुन्हा रताळी. घरात एकादशी, महाशिवरात्र पाळत असाल तर तुमची तयारी झालेलीच आहे. दाण्याची चटणी मात्र इथूनच न्या.

नाव नोंदवल्यावर तिसरा प्रश्न येतो: बिलात ‘गावांचा मोबदला’ अशी वेगळी ओळ कशासाठी? हे पत्रक मुख्यतः त्या ओळीसाठी लिहिलं आहे.

आधी ठिकाण समजून घ्या. न्यू गिनी बेटाचा पश्चिम अर्धा भाग इंडोनेशियात आहे. त्याच्या मधोमध, साधारण १,६५० मीटर उंचीवर, बालिम नदीचं खोरं आहे आणि खोऱ्यात वामेना हे गाव. २०२२ पासून ते डोंगरी पापुआ या नव्या प्रांताचं मुख्य ठिकाण आहे. जयापुरा शहराजवळच्या सेंतानी विमानतळाहून छोट्या विमानाने तासाच्या आत पोचता येतं. वर्षानुवर्षं सिमेंटच्या पोत्यापासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळं तिथे विमानानेच यायचं, त्यामुळे दुकानातले भाव ऐकून दचकू नका. बाहेरच्या जगाला या दाट वस्तीच्या खोऱ्याचा पत्ता लागला तो १९३८ च्या जूनमध्ये, रिचर्ड आर्चबोल्ड या अमेरिकनाला विमानातून. १९४५ च्या मे महिन्यात एक अमेरिकी लष्करी विमान इथल्या डोंगरावर आदळलं. चोवीसपैकी तिघेच वाचले आणि त्यांना दीड महिन्याने ग्लायडरमधून बाहेर काढावं लागलं. मिशनरी आले १९५४ मध्ये आणि डचांचं ठाणं बसलं १९५६ मध्ये. म्हणजे तुम्हाला भेटणाऱ्या एखाद्या आजोबांनी लहानपणी दगडी कुऱ्हाडीने झाड पडताना पाहिलेलं असू शकतं. त्यांचा नातू मोबाईलवर फुटबॉल बघत असतो, हेही तिथेच दिसेल.

आपण वामेनाच्या दक्षिणेला जातो. गाडीरस्ता संपला की नदीच्या कडेने कुरिमा, आणि तिथून चढण चढून किलिसेसारख्या वस्त्यांवर. खाली बालिमची घळ, समोरच्या कड्यावर चिकटवल्यासारखी शेतं. पहिल्यांदा पाहताना वाटतं, केवढी मोकळी जागा! इथेच सगळ्यांची फसगत होते. त्या डोंगरात मोकळं असं काही नाही. सातबारा नाही, मोजणीचा दगड नाही, पण कुठला ओहळ कोणत्या कुळाचा (म्हणजे घराण्याचा) आणि कुठला वाफा कोणाच्या घरचा हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. गवत माजलेलं, पडीक वाटणारं रान बहुतेक वेळा विश्रांतीला सोडलेलं शेत असतं. पांडानसच्या (आपल्या केवड्याच्या जातीतल्या) झाडालासुद्धा धनी असतो. ही झाडं रानात उभी दिसली तरी रानटी नसतात.

रताळ्याची शेती तिथे बघण्यासारखी आहे, आणि आमच्या मते सहलीतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. खोऱ्याच्या सपाटीवर दलदल असते. तिथे पुरुषमंडळी टोकदार काठ्यांनी, आता फावड्यांनीही, चरांचं जाळं खणतात. काही चर कमरेइतके खोल. चरातून पाणी निघून जातं, तळाशी साचलेला काळा गाळ उपसून वाफ्यांवर थापतात. खत म्हणतात ते एवढंच. उतारावर चरांऐवजी दगडी बांध आणि लाकडी कुंपणं, कारण खरा शत्रू पाऊस नव्हे, डुक्कर. लावणी, बेणणी आणि रोजची खणणी बायकांकडे. रताळ्याचा हंगाम नसतो आणि कोठारही नसतं. घरात लागतील तेवढी रोज खणायची, बाकीची मातीतच. खणून झालं की झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेल्या ‘नोकेन’ नावाच्या पिशवीत भरायची, तिचा पट्टा कपाळावर अडकवायचा आणि पाठीवर ओझं घेऊन उतरायचं. त्याच पिशवीत कधी तान्हं बाळ असतं, कधी डुकराचं पिल्लू. युनेस्कोने २०१२ मध्ये नोकेनची नोंद तातडीने जपायच्या वारशात केली.

रताळं मूळचं दक्षिण अमेरिकेचं, या डोंगरात ते मागाहून आलं. आधी अळकुड्या होत्या. पण रताळं अधिक उंचीवर, हलक्या जमिनीतही येतं आणि डुकराला कच्चंच घालता येतं. कच्ची अळकुडी खाल्ली तर काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. डुकरं वाढली आणि देणंघेणं, लग्नं, तंटे सगळं डुकरांत मोजलं जाऊ लागलं. आजही तुटलेल्या कुंपणापासून मारामारीपर्यंत कशाचीही भरपाई ठरवताना आधी डुकराचा हिशेब होतो, मग पैशाचा.

आता आमचाच एक प्रसंग. पहिल्या तुकडीतले एक काका फोटोसाठी पायवाट सोडून दगडी बांधावरून पलीकडे उतरले. चार पावलं, तीही वेलांवर. थोड्या वेळाने शेताच्या मालकीणबाई आल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. खाली बसून त्यांनी तुटलेल्या वेलांचे शेंडे एकेक करून मातीत खोचले. मग आमच्या वाटाड्याने सगळ्यांना सुरूच्या झाडाखाली बसायला सांगितलं आणि तासभर बोलणी चालली. रक्कम ठरली, फार नव्हती, काकांनी दिली. तरी बाई हलेनात. त्या नुसत्या बांधाकडे बघत होत्या, तिथला एक दगड निसटून पडला होता. काकांनी तो उचलून जागेवर बसवला तेव्हा त्या उठल्या.

बिलातली ती ओळ या तासाभरात जन्मली. ज्या कुळांच्या जमिनीतून आपली वाट जाते त्यांना, मुक्कामाच्या वस्तीला आणि पुलाची डागडुजी करणाऱ्यांना आम्ही त्यांच्याशी आधी बोलून ठरलेली रक्कम देतो. यात घासाघीस करत नाही, तुम्हीही करू नका. तुकडी आठ जणांपेक्षा मोठी न नेण्याचं कारणही तेच: वाटा शेतांच्या मधून जातात, आणि सोळा बूट हे त्यांना पुरेसे आहेत.

मुक्काम ‘होनाई’त. गोल, गवताने शाकारलेलं, बुटक्या दाराचं घर, खिडकी नाही. मध्ये चूल, वर झोपायचा माळा. बायकांचं घर वेगळं असतं आणि डुकरांचा गोठा शेजारीच. रात्री बाहेर चांगलीच थंडी पडते, आत ऊब असते पण धूर डोळ्यांत पाणी आणतो. दमा असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा, तुमच्यासाठी तंबू घेऊ. दारातून आत जाताना वाकायचं म्हणजे खरंच वाकायचं. दर तुकडीत एकाला टेंगूळ येतंच.

जमलं तर एक दिवस ‘बाकार बातू’ म्हणजे दगडांवरचं जेवण असतं. लाकडांच्या ढिगात दगड तापवायचे, खड्ड्यात गवतपाला अंथरायचा, त्यावर दगड, रताळी, पालेभाजी, डुकराचं मांस, पुन्हा दगड, असे थर रचून सगळं गवताने बांधून ठेवायचं. ज्यांनी अलिबागकडची पोपटी खाल्ली आहे त्यांना झाकण उघडताना येणारी वाफ ओळखीची वाटेल, फक्त इथे मडकं नाही आणि ओवाही नाही. शाकाहारी मंडळींची रताळी वेगळ्या खड्ड्यात करायला आम्ही सांगतो. त्यासाठी निराळी लाकडं लागतात, म्हणून आदल्या दिवशी सांगावं लागतं.

कपड्यांचं आता. रोज दिसणारी बहुतेक माणसं शर्ट-पँट, स्कर्ट, प्लास्टिकच्या चपला अशीच असतात. भोपळ्याच्या लांब तुंब्याचा ‘कोतेका’ (पुरुषांचं लिंग झाकणारं आवरण) काही म्हातारी माणसं अजून घालतात. बाकी तो सण-समारंभात, नाहीतर पर्यटकांसाठी. पैसे घेऊन लुटुपुटीची लढाई दाखवणारेही भेटतील. आमच्या कार्यक्रमात ती नाही आणि ठेवणारही नाही. काही वृद्ध बायकांच्या बोटांची पेरं तुटलेली दिसतील. घरातलं माणूस गेलं की बोटाचं पेर तोडायची जुनी रीत होती, ती बंद झाली. त्या हातांकडे कॅमेरा वळवू नका. इतर फोटोंसाठीही आधी विचारा.

नमस्कार सोपा आहे. ‘वा, वा, वा’ म्हटलं की झालं. आभारालाही तेच चालतं. आपल्याकडे गवयाला दाद देतात तसंच, फक्त जरा हळू. एकट्या पुरुषाला ‘नायाक’, बाईला ‘लाओक’.

सुरक्षिततेबद्दल गोड बोलून काही साधणार नाही. पश्चिम न्यू गिनी १९६३ मध्ये इंडोनेशियाच्या ताब्यात आलं, १९६९ मध्ये निवडक हजारभर माणसांकडून त्यावर मान्यता घेतली गेली आणि तो वाद अजून धुमसतो आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वामेनातच दंगल होऊन तीसहून अधिक माणसं मारली गेली. शेजारच्या न्दुगा जिल्ह्यात सशस्त्र गटाने फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या एका वैमानिकाला पकडलं, तो सुटला सप्टेंबर २०२४ मध्ये. म्हणून पोलिसांचा ‘सुरत जालान’ हा प्रवास परवाना सगळ्यांचा काढतो, आणि वाटाड्याने ‘आत्ता नको’ म्हटलं तर जयापुराहूनही परत फिरतो. तसं झालं तर गावांचा मोबदला आणि न झालेले मुक्काम यांचे पैसे परत मिळतील, विमानाचे तिकीट-नियमांप्रमाणे. हे मान्य नसेल तर कृपया नाव नोंदवू नका. आम्हाला राग येणार नाही.

सोबत काय घ्यायचं याची यादी वेगळी पाठवतो. दोन गोष्टी मात्र आत्ताच सांगतो. वामेनात उतरल्यावर मोठ्या नोटा मोडून घ्या, वर डोंगरात सुटे कोणाकडेच नसतात. आणि बूट घरी महिनाभर वापरून मग आणा. कुरिमाच्या पुढची चढण ओल्या लाल मातीची आहे, तिथे नवा बूट पहिल्या तासातच चावतो.