तान्ह्या बाळाचं श्वासपटल आणि झोपेतला अचानक मृत्यू

झोपलेल्या तान्ह्या बाळाचं पोट वर-खाली होतं, छाती फारशी हलत नाही. त्याच्या श्वासाचा जवळजवळ सगळा भार छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलावर असतो. मोठ्यांच्या बरगड्या उतरत्या असतात, त्या वर उचलल्या की छाती रुंदावते. बाळाच्या बरगड्या आडव्या आणि बऱ्याचशा कूर्चेच्या. श्वासपटलाने जोर लावला तर त्या उलट आतच ओढल्या जातात.

शिवाय हा स्नायू लवकर थकतो. सावकाश आकसणारे, चिवट तंतू मोठ्यांच्या श्वासपटलात सुमारे ५५ टक्के, पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात २५ टक्के, तर फार लवकर जन्मलेल्या बाळात १० टक्क्यांच्या आसपास असतात. त्यात निम्मी झोप रेम प्रकारची, म्हणजे पापण्यांआड बुबुळं फिरतात ती. तेव्हा बरगड्यांमधले स्नायू सैलावतात, फुप्फुसातला हवेचा साठा घटतो आणि श्वास काही सेकंद थांबला तरी रक्तातला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो.

तरीही तान्ह्या बाळाच्या झोपेतल्या अचानक मृत्यूसाठी, म्हणजे 'सिड्स'साठी, एकट्या श्वासपटलाला दोष देणं घाईचं ठरेल. तसं असतं तर हा स्नायू सर्वांत कच्चा असतो त्या पहिल्या आठवड्यांतच सर्वाधिक मृत्यू झाले असते. प्रत्यक्षात 'सिड्स'चे मृत्यू दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक होतात. (वर्षाच्या आतल्या बाळाचं शवविच्छेदन, जागेची पाहणी आणि आजारांचा इतिहास तपासूनही कारण सापडलं नाही, तरच हे नाव देतात.) पालथ्या बाळाचं नाक गादीत रुतलं की सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते, कार्बन डायऑक्साइड वाढतो. बहुतेक बाळं जागी होऊन मान वळवतात. सिड्सने गेलेल्या अनेक बाळांच्या मेंदूस्तंभातल्या सेरोटोनिन यंत्रणेत, म्हणजे श्वास आणि जाग सांभाळणाऱ्या भागात, बिघाड आढळला आहे.

ब्रिटनमध्ये १९९१ला आणि अमेरिकेत १९९४ला बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा हे मृत्यू निम्म्याहून खाली आले. उताण्या बाळाच्या श्वासनलिकेत दूध जाईल, ही आजीची भीती मायेपोटीच असते. पण उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे उलटून आलेलं दूध पुन्हा अन्ननलिकेतच उतरतं. पालथं झोपवल्यावर मात्र ते श्वासनलिकेच्या तोंडाशी साचू शकतं.

गादी सपाट आणि घट्ट हवी. मोहरीची उशी, गोधडी, मऊ खेळणी झोपेच्या वेळी बाजूला. बाळ आईच्या खोलीत असावं, पण वेगळ्या अंथरुणावर. घरात कोणी विडी-सिगारेट ओढू नये. दुपट्यात गुंडाळायचं तर छातीपाशी दोन-तीन बोटं जातील इतकं सैल, आणि कुशीवर वळायची खटपट दिसली की तेही बंद.